माजलगाव: आठवीतल्या लेकीला शाळेपेक्षा अवघड गणित कुठं मिळेल?

माजलगावकर

नमस्कार मंडळी. माझी लेक आठवीला आहे, मराठी माध्यम. दिवाळीच्या सुट्टीतच तिनं गणिताचं पुस्तक संपवलं. शाळेतल्या सरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. साठ लेकरांचा वर्ग सांभाळून त्यांनी स्वतःच्या घरचं नववीचं पुस्तक तिला आणून दिलं. आता तेही निम्मं झालंय. पण परवा ती म्हणाली, "पप्पा, हे पण तसलंच आहे. एकदा रीत कळली की खालची सगळी गणितं एकसारखी. ज्याची रीत पुस्तकात दिलेलीच नाही, असलं काही नसतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं खत-बियाणांचं दुकान आहे, शिक्षण बारावी आर्ट्स. एका क्लासमध्ये चौकशी केली तर म्हणाले, फाउंडेशन बॅचला टाका, आठवीपासूनच अकरावी-बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स सुरू करतो. तिला केमिस्ट्री नको आहे. पुढं काय व्हायचं ते पुढं बघू. आत्ता तिला गणितात अडकायचंय आणि तिला अडकवणारं कुणी मला इथं सापडेना. लातूरला किंवा संभाजीनगरला खोली करून ठेवायची ऐपत नाही, आणि तेरा वर्षांच्या लेकराला एवढ्यात घराबाहेर काढायची इच्छाही नाही. घरात एक मोबाईल आहे, दुकान बंद झालं की संध्याकाळी तिला देता येतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

उदगीरकर

भाऊ, फाउंडेशनला एकदम नाही म्हणू नका. माझा मुलगा लातूरला नववीत आहे, फाउंडेशनलाच टाकलंय. घरी होता तेव्हा कसाबसा दोन तास बसायचा, आता रात्री दहापर्यंत अभ्यास करायलाय. आपल्या भागातल्या पोरांना लातूर पॅटर्ननंच वर काढलं. माझ्या पिढीत अख्ख्या गावातून एखादा इंजिनिअर व्हायचा, आज आमच्या गल्लीतच चार आहेत. आणि अवघड गणितच पाहिजे तर जेईईपेक्षा अवघड काय असतंय? दोन वर्षं आधी सुरू केलं तर लेकरू पुढं राहतंय, एवढंच माझं म्हणणं.

मांजराकाठ

उदगीरकर काका, लातूर पॅटर्नबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी त्यातूनच शिकून आज पुण्यात नोकरी करतोय, त्यामुळं त्याला नावं ठेवणार नाही. पण ही मुलगी वेगळं मागतेय. पुढच्या इयत्तेचं गणित आधी शिकलं तर रीत नवी मिळते, पण शेवटी ती रीतच असते. नववीचं पुस्तक वाचून तिनं हे स्वतःच ओळखलंय. तिला हवं आहे आठवीच्याच ज्ञानावर सुटणारं, पण दोन दिवस डोकं खाणारं गणित.

एक उदाहरण देतो. कोणत्याही 13 पूर्ण संख्या घ्या. त्यांत दोन संख्या अशा सापडणारच, की त्यांच्या फरकाला 12 ने नि:शेष भाग जातो. का? यात भागाकाराच्या बाकीपलीकडं काहीच लागत नाही. मी अकरावीत असताना एका सरांनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा आमचा सगळा वर्ग गप्प झाला होता. सूत्र कोणतं लावायचं हेच कुणाला कळेना. (माजलगावकर भाऊ, उत्तर इथं देत नाही, लेकीला द्या.)

असल्या गणितांची आपल्या देशात एक पूर्ण वाट आहे. पहिली पायरी आयओक्यूएम, म्हणजे गणित ऑलिंपियाडची देशपातळीवरची पात्रता परीक्षा. ही परीक्षा आठवी ते बारावीच्या मुलांना देता येते, म्हणजे तुमची लेक आत्ताच पात्र आहे. साधारण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला होते. तीन तास, 30 प्रश्न. गेल्या काही वर्षांत 10 प्रश्न 2 गुणांचे, 10 प्रश्न 3 गुणांचे आणि 10 प्रश्न 5 गुणांचे असतात. प्रत्येक उत्तर 00 ते 99 मधली एक संख्या. पर्याय दिलेले नसतात, त्यामुळं पर्याय उलटे घालून बघायची सोय नाही. त्यातून निवड झाली की आरएमओ, म्हणजे प्रादेशिक गणित ऑलिंपियाड. तिथं फक्त सहा प्रश्न आणि तीन तास, आणि नुसतं उत्तर लिहून गुण मिळत नाहीत, पूर्ण सिद्धता लिहावी लागते. मग जानेवारीत आयएनएमओ, म्हणजे राष्ट्रीय फेरी, त्यातून निवडक मुलांचं निवासी प्रशिक्षण शिबिर, आणि शेवटी सहा जणांचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला. भारत तिथं 1989 पासून जातोय. 1996 ची स्पर्धा तर आपल्या मुंबईतच झाली होती. 2024 मध्ये इंग्लंडमध्ये बाथला आपल्या संघानं चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला.

हे सगळं तिनं जिंकावं म्हणून सांगत नाही. मी स्वतः आरएमओच्या पुढं गेलो नाही. सांगायचं कारण एवढंच, की या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यांत बीजगणित, भूमिती, संख्यांचे गुणधर्म आणि मोजणीच्या युक्त्या असतात. कलन (कॅल्क्युलस) लागत नाही. आठवीच्या मुलीला सुरुवातीचे प्रश्न नक्की कळतील.

निवृत्त_गणित

अंबाजोगाईच्या परिसरात मी बरीच वर्षं गणित शिकवलं. मांजराकाठ यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. माजलगावकर, तुमच्या लेकीनं विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे, तो तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

परीक्षा पुढच्या पावसाळ्यात आहे, आज काय करायचं ते सांगतो. तिला एक जाड, कोरी वही आणून द्या. आठवड्याला एक किंवा दोनच प्रश्न. प्रश्न वरती लिहायचा आणि खाली सगळे प्रयत्न लिहायचे, चुकलेलेसुद्धा. काहीही खोडायचं नाही. उत्तर आलं नाही तरी उत्तर बघायचं नाही. निदान तीन-चार दिवस तरी नाही. शाळेच्या सवयीमुळं हुशार मुलांना वाटतं की पाच मिनिटांत आलं नाही म्हणजे येतच नाही. ही समजूत मोडायला वेळ लागतो, आणि ती मोडल्याशिवाय पुढं काहीच होत नाही. घरच्यांनी तेवढे दिवस "झालं का?" असं विचारू नये. "आज काय करून बघितलंस?" असं विचारा आणि ती सांगेल ते ऐका. तुम्हाला गणित आलं नाही तरी हे जमतं. समोरच्याला समजावून सांगतानाच तिची चूक तिला दिसेल.

पहिला प्रश्न माझ्याकडून. 9 ही संख्या 4 + 5 अशी लिहिता येते, 2 + 3 + 4 अशीही लिहिता येते. म्हणजे दोन किंवा अधिक सलग नैसर्गिक संख्यांची बेरीज. 8 मात्र तशी लिहिताच येत नाही, करून बघा. तर कोणत्या संख्या अशा लिहिता येतात, कोणत्या येत नाहीत, आणि का? नुसती यादी चालणार नाही. "का" पाहिजे.

झेडपी_गुरुजी

भोकरदन तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे. सरांच्या वहीच्या कल्पनेला जोडून आमच्याकडचं सांगतो. व्हरांड्यातल्या फळ्याचा एक कोपरा आम्ही आठवड्याच्या प्रश्नासाठी राखून ठेवलाय. सोमवारी प्रश्न, शनिवारी चर्चा. गुण नाहीत, बक्षीस नाही, सक्ती नाही.

सगळ्यात जास्त चाललेला प्रश्न कापरेकरांचा. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी 1949 मध्ये चार अंकी संख्यांवरची 6174 ची गंमत शोधली हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. आम्ही तीन अंकांवर घेतलं. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, उत्तरावर तेच पुन्हा. शेवटी नेहमी 495 येतं. पोरांनी फळा भरून टाकला. तिसऱ्या दिवशी सातवीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, पहिल्या वजाबाकीला नेहमी 99 चा पाढाच येतोय." त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आणि तो इथं हंगामी वसतिगृहात राहायचा. मग आठवीच्या मुलींनी अक्षरं घातली. मोठा अंक अ, लहान अंक क, तर वजाबाकी 99 × (अ − क). मधला अंक गायब! म्हणजे पहिल्या पायरीनंतर फक्त नऊ संख्या शक्य: 099, 198, 297, 396, 495, 594, 693, 792, 891. आणि त्या नऊ तपासायला किती वेळ लागतो? 099 वरून 891, मग 792, 693, 594, आणि 495. बाकीच्या याच माळेत कुठं ना कुठं येऊन मिळतात. शेकडो संख्यांचा प्रश्न एका ओळीच्या बीजगणितानं संपला. त्या दिवशी वर्गात जो आवाज झाला त्यानं शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

माजलगावकर, तुमच्या लेकीच्या सरांना हे दाखवा. त्यांनी स्वतःचं पुस्तक आणून दिलं म्हणजे माणूस मनापासून शिकवणारा आहे. एका कोपऱ्याचा फळा ते नक्की देतील, आणि मग तिच्याबरोबर अजून दोन-चार लेकरं लागतील. एकटीनं वर्षभर टिकणं अवघड असतं.

माजलगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. 13 संख्यांचं गणित रात्री तिला दिलं, सकाळी चहाच्या आधी तिनं सांगितलं: 12 ने भागल्यावर बाकी 0 ते 11, म्हणजे बाराच प्रकारच्या, आणि संख्या तेरा, म्हणून दोघींची बाकी सारखी येणारच. मलासुद्धा कळलं! आता सलग संख्यांच्या मागं लागलीये.

एक अडचण आहे. मी मोबाईलवर त्या जुन्या प्रश्नपत्रिका उघडून बघितल्या, सगळं इंग्रजीत. तिचं इंग्रजी बेताचं. आधी इंग्रजी सुधारावं लागेल का? आणि मुलींसाठी काही वेगळं असतं का?

गोदाकाठ

नांदेडला विद्यापीठात गणितात संशोधन करते. दादा, इंग्रजीसाठी थांबू नका. गणिताच्या प्रश्नांतलं इंग्रजी फार थोडक्यात असतं आणि तेच तेच शब्द फिरून येतात. वहीच्या शेवटच्या पानांवर यादी करायला लावा: प्राइम म्हणजे मूळ संख्या, डिव्हायझर म्हणजे विभाजक, रिमेंडर म्हणजे बाकी, इंटिजर म्हणजे पूर्णांक. महिन्याभरात ती यादी न बघता वाचायला लागेल. मीही परभणी जिल्ह्यातल्या मराठी शाळेतूनच आले. सिद्धता मात्र तिला मराठीतच लिहू द्या. विचार पक्का झाला की भाषा बदलणं सोपं असतं, उलटं होत नाही.

मोबाईलवरच्या फुकट गोष्टी सांगते. एनसीईआरटीची एक्झेम्प्लर पुस्तकं, आठवी-नववी-दहावीची, पीडीएफ मिळतात. ती सरावाला बरी, पण लेकीला लवकरच सोपी वाटतील. केंब्रिज विद्यापीठाचं एनरिच हे संकेतस्थळ तिच्यासाठी जास्त योग्य, तिथले प्रश्न खेळासारखे सुरू होतात आणि खोल जातात. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या संकेतस्थळावर अल्क्युमस म्हणून भाग आहे, तो मुलाच्या तयारीप्रमाणं अवघडपणा वाढवत नेतो. भूमितीसाठी जिओजेब्रा घ्या. आकृतीचा एक बिंदू ओढला की काय बदलतं, काय तसंच राहतं, ते डोळ्यांना दिसतं. एकाच वेळी सगळं उघडू नका. एनरिच आणि वही, पहिले सहा महिने एवढं पुरे.

पुस्तक विकत घ्यायचंच तर आत्ता रशियातल्या गणित मंडळांच्या अनुभवावरचं 'मॅथमॅटिकल सर्कल्स' घ्या, भारतीय आवृत्ती मिळते. नववी-दहावीत 'चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथमॅटिक्स'. दुसरं आत्ताच हातात दिलं तर जड जाईल.

मुलींसाठी: युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड ही खास मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2012 मध्ये केंब्रिजला सुरू झाली. भारतातूनही चार मुलींचा संघ जातो, आणि त्याची निवड याच ऑलिंपियाडच्या वाटेनं होते. हे तिला जरूर सांगा. आमच्या वेळी गणितातल्या मोठ्या मुली मला कुठंच दिसल्या नव्हत्या, त्या दिसणं फार गरजेचं असतं.

कयाधू_काठची

मी धागाकर्त्यांच्या लेकीपेक्षा मोठी आहे, हिंगोलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. पण माझा प्रश्न तोच आहे. कॉलेजमध्ये प्रमेय फळ्यावर उतरवून देतात, आम्ही पाठ करतो, परीक्षेत लिहितो. सिद्धता स्वतः कशी सुचते हे कुणी शिकवत नाही. आता उशीर झाला का?

गोदाकाठ

अजिबात नाही. तुझ्यासाठी एमटीटीएस (मॅथमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) आहे. प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेलं उन्हाळी शिबिर, साधारण चार आठवड्यांचं. बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीची पातळी असते, निवड झाली की राहण्या-जेवणाचा खर्च पडत नाही. तिथं शिक्षक प्रमेय सांगून टाकत नाहीत. प्रश्न विचारत विचारत ते तुमच्याकडूनच काढून घेतात, आणि तुम्ही फळ्यापाशी उभं राहून चुकायचं असतं. पहिला आठवडा फार जड जातो. मला घरी पळून यावंसं वाटलं होतं. पण माझं गणित तिथंच सुरू झालं. अर्जासोबत तुमच्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं, ते आत्ताच बोलून ठेव. दरम्यान एनपीटीईएलवर रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्राची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. बघताना प्रमेयाचं विधान आलं की थांबव आणि आधी स्वतः प्रयत्न कर. पुढं एमएस्सीला आयआयटीत जायचं असेल तर फेब्रुवारीत जॅम असते. तुला निरोप टाकते, अर्ज एकत्र बघू.

उदगीरकर

सगळं वाचलं. माझा मुलगा सुट्टीला आला होता, त्याला ते 13 संख्यांचं विचारलं. अर्धा तास बसला, आलं नाही, पण सोडायलाही तयार होईना. जेवायला बोलवलं तर "थांबा बाबा" म्हणाला. असं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. आता खरं सांगा, त्यानं ऑलिंपियाड केलं तर जेईईला फायदा होईल का तोटा?

मांजराकाठ

काका, सरळच सांगतो. फक्त जेईई हेच ध्येय असेल तर ऑलिंपियाड हा जवळचा रस्ता नाही. जेईईत कलन, सदिश, निर्देशक भूमिती यांना मोठं वजन आहे आणि वेग लागतो. ऑलिंपियाडमध्ये कलन नाहीच आणि एका प्रश्नाला अर्धा-पाऊण तास द्यायचा असतो. मोजणीच्या प्रश्नांत आणि एकूण न घाबरण्यात उपयोग होतो, तेवढा होतो. पण त्याला हे आवडत असेल तर नववी-दहावी हीच वर्षं आहेत, अकरावीत वेळ मिळत नाही. आणि गणितच आवडत राहिलं तर आयआयटीशिवायही वाटा आहेत हे त्याला कळू द्या: चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, भारतीय सांख्यिकी संस्थेचा बंगळूरचा बीमॅथ आणि कोलकात्याचा बीस्टॅट. त्यांच्या प्रवेश परीक्षांत सिद्धता लिहाव्या लागतात. लातूरच्या हुशार मुलांना ही नावं बारावी संपल्यावर कळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

रविवारी रात्री त्याला तासभर मोबाईल मिळत असेल तर मी व्हिडिओवर बसायला तयार आहे. माजलगावकरांची लेक, भोकरदनची एक-दोन मुलं, तुमचा मुलगा. एक प्रश्न, एक तास. पैसे नाहीत.

झेडपी_गुरुजी

आमच्या दोन मुली येतील. शाळेच्या टॅबवर बसवतो, मी सोबत असेन.

उदगीरकर

वसतिगृहाच्या सरांशी बोललो. रविवारी परवानगी मिळाली.

माजलगावकर

ही खालची तिची वही, तिनं सांगितलं तसं टाइप केलंय.

"निवृत्त सरांना नमस्कार. मी 1 ते 50 पर्यंत सगळ्या करून बघितल्या. 1, 2, 4, 8, 16, 32 येत नाहीत, बाकी सगळ्या येतात. विषम संख्या सोपी आहे, 3 पासून पुढं: 17 = 8 + 9. 3 ने भाग जात असेल तर भागाकार मधे ठेवायचा: 18 ला 6 मधे, 5 + 6 + 7. 5 ने जात असेल तर पाच संख्या: 20 ला 4 मधे, 2 + 3 + 4 + 5 + 6. म्हणजे कुठलाही विषम विभाजक मिळाला की झालं. पण 14 ला अडले. 7 ने भाग जातो, भागाकार 2, म्हणून 2 मधे ठेवून सात संख्या: −1, 0, 1, 2, 3, 4, 5. यात ऋण संख्या आली, ती नैसर्गिक नाही. दोन दिवस तसंच राहिलं. मग दिसलं की −1 आणि 1 मिळून शून्य होतात, 0 तर काहीच नाही, राहिलं 2 + 3 + 4 + 5 = 14. असं नेहमी होईल. 1 सोडून विषम विभाजक फक्त 2, 4, 8, 16 असल्यांनाच नाही. पण त्यांना दुसऱ्या एखाद्या रीतीनं का येत नाही, ते मला सिद्ध करता आलं नाही."

निवृत्त_गणित

बाळा, शाब्बास. 14 पाशी दोन दिवस थांबलीस म्हणून ती काटाकाटी तुला दिसली.

आता दोन ठिकाणी बोट ठेवतो. तू लिहिलंस "असं नेहमी होईल". कशावरून? काटाकाटी झाल्यावर एकच संख्या उरली तर? मग ती सलग संख्यांची बेरीज राहणार नाही. 14 मध्ये मधली संख्या 2 होती आणि उरल्या चार. 22 घे, 11 ने भाग, मध्ये 2. किती उरतात ते मोज. मग 28 घे, 44 घे. मधली संख्या आणि उरलेल्यांची संख्या शेजारी शेजारी लिही.

दुसरं, 16 सारख्यांना का येत नाही. कोणत्याही सलग संख्या घे, पहिली आणि शेवटची यांची बेरीज कर. ती सम येते की विषम, आणि एकूण संख्या किती आहेत ते सम की विषम, या दोन्ही गोष्टी बऱ्याच उदाहरणांत एकत्र लिहून बघ. दोन्ही सम कधी येतात का? रविवारच्या तासाला मीही येतो. तेव्हा तूच बाकीच्यांना समजावून सांगायचं.